युद्धातले वीर आणि गावातली माणसे

(भातकुली येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात कार्टूनपटाची चर्चा कशाला, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. खारपाणपट्ट्यातले पाणी, कापसाचा भाव, पीककर्ज हे प्रश्न दारात उभे असताना आकाशात उडणाऱ्या वीरांना वेळ द्यावा काय? परंतु ज्या घरात वर्तमानपत्र पोहोचत नाही, त्या घरातही आज मोबाइल पोहोचला आहे. दुसऱ्या महायुद्धाविषयी शाळकरी मुलाची जी कल्पना बनते, ती पुष्कळदा पाठ्यपुस्तकापेक्षा अशा पटांतूनच बनते. मुलांच्या मनातला इतिहास कोणी लिहायचा, हा प्रश्न राजकीयच आहे.

‘जस्टिस सोसायटी : वर्ल्ड वॉर टू’ हा असाच एक अमेरिकन पट २०२१ साली निघाला. त्यातला वीरांचा संघ मात्र जुना. अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, १९४० साली, ‘ऑल स्टार कॉमिक्स’ या चित्रकथांच्या नियतकालिकात तो जन्माला आला. पटात आजच्या काळातला फ्लॅश इतक्या वेगाने धावतो की तो थेट महायुद्धातच जाऊन पडतो. तेथे वंडर वुमन, हॉकमन, अवरमन, ब्लॅक कॅनरी ही मंडळी नाझींशी झुंजत असतात. पुढे समुद्रतळाचे राज्यही युद्धात ओढले जाते, कारण त्याच्या राजाचे मन एका कपटी सल्लागाराने वश केलेले असते.

या पटाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. संघाचे नेतृत्व एका स्त्रीकडे आहे. एकट्याच्या पराक्रमापेक्षा एकजुटीला मान आहे. नाझीवाद हा मानवतेचा शत्रू आहे, याविषयी संदिग्धता नाही. फॅसिझमचा द्वेष शिकवणाऱ्या कथेला समाजवाद्यांनी नाक मुरडू नये.

पण प्रश्न पुढे सुरू होतात. एका मायावी सल्लागाराने मन वश केले आणि राष्ट्र युद्धात उतरले, ही गोष्ट सोपी आहे. इतिहास तसा नाही. १९३२ साली जर्मनीत सुमारे साठ लाख माणसे बेकार होती. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट एकमेकांशीच भांडत होते. जानेवारी १९३३ मध्ये हिटलरच्या हाती सत्ता आली आणि २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. हे कोणा जादूगाराने केले नाही. बेकारी, भीती आणि श्रमिकांतली फूट यांनी ते घडू दिले. कारण जादूचे असेल तर उपायही जादूचाच लागतो. कारण सामाजिक असेल तर उपाय माणसांच्या हाती राहतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. या पटात अध्यक्ष रूझवेल्ट वीरांच्या पाठीशी उभे आहेत. त्याच रूझवेल्ट यांनी चर्चिल यांच्यासह ऑगस्ट १९४१ मध्ये अटलांटिक सनद काढली आणि राष्ट्रांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगितले की ही सनद हिंदुस्थानला लागू नाही. तरीही पंचवीस लाख हिंदी सैनिक त्या युद्धात लढले. अशा पटांत त्यांना जागा नसते.

शत्रुपक्षाकडेही असेच वीर होते. १९४५ साली जपानी आरमाराच्या पुरस्काराने ‘मोमोतारो’ हा पूर्ण लांबीचा कार्टूनपट निघाला. कुत्रा, माकड, अस्वल यांची फौज गोऱ्यांना शरण आणते आणि आशिया मुक्त करते, अशी ती कथा. त्यात बेटावरच्या प्राण्यांना जपानी अक्षरे शिकवण्याचे गोड दृश्य आहे. मुक्तीच्या नावाने नवा मालक भाषा शिकवीत होता! गोऱ्या साम्राज्याचा द्वेष म्हणजे आपोआप स्वातंत्र्य नव्हे, हे त्या पटावरून उमगते.

या दोन खोट्या सोयींच्या मधून १९४२ चा मार्ग गेला. फॅसिझमही नको आणि साम्राज्यही नको, असे म्हणणारी माणसे कोणत्याच पटात नव्हती. ती वऱ्हाडात होती. जपानशी व्यापार तुटल्याने १९४१ मध्ये इथल्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक गेले. कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर कापड मिळेनासे झाले आणि १९४३ साली सरकारला कापडावर नियंत्रण आणावे लागले. अशा दिवसांत, ऑगस्ट १९४२ मध्ये, याच जिल्ह्यातली यावली आणि बेनोडा, शेजारची आष्टी आणि दूरचे चिमूर ही गावे उठली. गोळीबार झाले, माणसे पडली. तुकडोजी महाराजांना तुरुंगात टाकले गेले. मुंबईत बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे सहकारी, डॉ. लोहियांच्या साथीने, गुप्त रेडिओ चालवीत होते. नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत जागा बदलत त्यांनी तो जिवंत ठेवला. हाही वीरांचा संघच होता. फरक इतकाच की यांतल्या कोणाचीही छाती गोळी परतवीत नव्हती.

म्हणून मुलांच्या हातून मोबाइल हिसकावणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. पट त्यांच्यासोबत बसून पाहावा आणि मग विचारावे: या युद्धात तुझे पणजोबा कुठे होते? उत्तर घरात मिळाले नाही तर गावातल्या म्हाताऱ्यांकडे न्यावे, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये यावलीला न्यावे.

साधने नाहीत, ही सबब पुढे करू नये. पहिले महायुद्ध पेटले होते, कच्ची फिल्म दुर्मीळ झाली होती, तेव्हा १९१५ साली दादासाहेब फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या घेतल्या आणि त्याच पडद्यावर नाचवल्या. ‘आगकाड्यांची मौज’ हे त्या पटाचे नाव. काड्या भातकुलीतही मिळतात. गोष्ट मात्र आपली आपणच सांगावी लागते. नाही तर ती दुसरा कोणी सांगतो, आणि त्यात आपण नसतो.