आधी भाकर, मग उपदेश

(अवसरी खुर्द येथे सहायक व मंडळीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



इथल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, जम्बो कोविड रुग्णालय उभे राहिले होते, हे आपणांस आठवत असेल. डिंभे धरणापलीकडच्या एका पाड्यावरचे मामा तिथून बरे होऊन घरी गेले. पण आजारी पडल्या त्या मावशी.

आम्ही धान्य घेऊन गेलो, तेव्हा मावशी एकट्याच दाराबाहेर बसल्या होत्या. म्हणाल्या, “ताई, गाडीचा भोंगा अजून कानात वाजतोय. छातीत धडधडतं, दम कोंडतो. मलाबी तोच रोग झाला का?” तपासणीत कोरोना निघाला नव्हता. मी म्हणाले, “मावशी, भिऊ नका, देवावर विश्वास ठेवा.” प्रार्थना केली, पोती उतरवली आणि पुढच्या पाड्यावर गेले.

महिन्याने पाहते तर मावशी निम्म्या झालेल्या. “तुम्ही भिऊ नका म्हणालात, तरी भ्या जात न्हाई. माझंच कायतरी चुकत असंल,” त्या म्हणाल्या. ते शब्द मला लागले. त्यांच्या भीतीवर मी अपराधाचे ओझे ठेवून आले होते.

त्या रात्री मी एलीयाचा वृत्तांत पुन्हा वाचला. ईजबेलीच्या भीतीने तो रानात पळाला, झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्याला अविश्वासू म्हटले नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले, तेही दोनदा. देव बोलला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर.

मावशींची भीती उगाच नव्हती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातल्या हिरड्याचे नुकसान झाले होते. टाळेबंदीत मजुरी गेली, आश्रमशाळा बंद झाल्याने मुले घरी. त्यात नवरा रुग्णालयात, आणि भेटायला बंदी.

मग आम्ही शेजारच्या आजींना रात्री त्यांच्या सोबतीला झोपायला सांगितले. मावशींना घोडेगावला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी समजावले, की फार भ्यायले की श्वास भराभर चालतो, छाती भरून येते. मग हाच कोरोना असे वाटून भीती आणखी वाढते. औषध सुरू झाले. आम्ही दर आठवड्याला जात होतो, बहुतेक वेळा नुसते ऐकायला. झोप परत यायला काही महिने लागले. आजही भोंगा ऐकला की त्या दचकतात. पण हिरडा गोळा करायला रानात जातात.

बंधुभगिनींनो, भीती म्हणजे अविश्वास नव्हे. तुमच्या दानातून धान्य जाते, तसाच तुमचा वेळही जावा. कुणाची झोप उडाली असेल, तर आधी जेवलात का विचारा, जवळ बसा, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येते. प्रार्थना जरूर करा, पण औषध बंद करायला सांगू नका.

असे जवळ बसण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो. आमेन.