विकायचाय फ्लॅट, मग नवीन किचन कशाला?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता: जुना फ्लॅट विकायचाय, आधी रिनोव्हेशन करून घेऊ का? योगायोग म्हणजे आमच्या घरी सध्या हाच वाद चालू आहे, म्हणून आज त्यावरच बोलते.

आमचा कोथरूडचा टू बीएचके. इमारत जवळपास ३० वर्षांची, लिफ्ट नाही. आई-बाबांना आता जिने झेपत नाहीत, त्यामुळे हा विकून लिफ्टवाल्या इमारतीत जायचंय. बाबांनी इंटिरियरवाल्याकडून कोटेशन आणलं: मॉड्युलर किचन, दोन्ही बाथरूम, नवीन टाइल्स, फॉल्स सीलिंग. ८ लाख. हे ८ लाख कुठून येणार? तर बाबांच्या रिटायरमेंटच्या एफडीतून. त्यांचं म्हणणं, "८ घातले की १० जास्त मागता येतील."

मागता येतील, खरंय. पण मिळतील का? इथे मी एक्सेल उघडलं. (सवय! काय करणार.)

आपण विकणारे लोक किमतीचा विचार करतो. घेणारा विचार करतो की खिशातून रोख किती जाणार. समजा, फ्लॅट आहे तसा ८० लाखांना जातोय. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मर्यादा आहे ८० टक्के. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख, स्वतःचे १६. त्यावर पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार. (बाईच्या नावावर घेतला तर ड्युटीत एक टक्का सूट आहे, ती इथे धरली नाहीये.) एकूण खिशातून २१ लाख ९० हजार.

आता आपण ८ लाख घातले आणि किंमत केली ९०. बँकेचा व्हॅल्युअर येतो. तो काय बघतो? कार्पेट एरिया, एरियातला दर, इमारतीचं वय, मंजूर नकाशा. तुमच्या सॉफ्ट-क्लोज ड्रॉवरसाठी तो वेगळे दहा लाख लिहीत नाही. आणि व्यवहाराची किंमत आणि व्हॅल्युएशन यातली जी रक्कम कमी, तिच्यावर बँक कर्ज देते. व्हॅल्युएशन ८० वरच राहिलं, तर कर्ज तेच ६४ लाख. खिशातून आता २६ लाख, वर ड्युटी ६ लाख ३० हजार, अधिक ३० हजार. झाले ३२ लाख ६० हजार!

म्हणजे आपली किंमत वाढली १० लाखांनी, पण समोरच्याला आधीपेक्षा १० लाख ७० हजार जास्त रोख उभे करायचेत. एक पैसाही कर्जातून नाही. जे जोडपं आधीच पीएफ काढून, सासऱ्यांकडून उसने घेऊन २२ लाखांपर्यंत पोचलंय, ते इथे थांबतं. त्याला नवीन किचन हवंच असेल तर घर घेतल्यावर होम इम्प्रूव्हमेंट लोन मिळतं की, आणि त्यात ओट्याचा रंगही त्याच्या आवडीचा!

टॅक्सचा मुद्दा बाबांनी काढला. बरोबर आहे, टाइल्स-किचनसारखा भांडवली खर्च नफ्यातून वजा करता येऊ शकतो (रंग आणि किरकोळ दुरुस्ती नाही, आणि पक्की बिलं लागतात). पण दीर्घकालीन नफ्यावर दर १२.५ टक्के धरला, तर ८ लाखांवर वाचतो १ लाख. एक वाचवायला आठ घालवायचे? शिवाय काम तीन महिने चालणार. ८० लाख तेवढे दिवस अडकले, तर ७ टक्क्यांनी १ लाख ४० हजारांचं व्याज गेलं. हा आकडा कोटेशनमध्ये नसतो.

आणि आमच्यासारख्या जुन्या इमारतीत अजून एक गोष्ट. कोथरूडमध्ये सगळीकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे. घेणारे बरेच जण उद्याच्या नव्या फ्लॅटवर डोळा ठेवून येतात. त्यांच्या दृष्टीने आपल्या टाइल्स म्हणजे चार-पाच वर्षांनंतरचा राडारोडा. ते विचारतात की कन्व्हेयन्स झालंय का. त्यावर आपल्याकडे उत्तर पाहिजे.

मग काहीच करायचं नाही? असं नाही. ओल काढायची. बाथरूममागच्या भिंतीला आलेले फुगवटे बघून माणूस मनातल्या मनात २ लाख कापतो, आणि नुसता रंग मारला तर एका पावसात तो परत फुगतो. आधी वॉटरप्रूफिंग, मग रंग. गळती गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीतून असेल तर ते काम सोसायटीचं. सोसायटीला लेखी द्या, स्वतःच्या खिशाला हात घालू नका. वायरिंग, नळ, अडकणारे दरवाजे ठीक करा. माळा रिकामा करा. आमचा अंदाज १ लाख १० हजारांत बसला. भिंत पाडून हॉल मोठा करण्याच्या भानगडीत तर पडूच नका, मंजूर नकाशाशी जुळलं नाही तर घेणाऱ्याचं कर्जच अडकतं. रिलीजच्या आदल्या रात्री आर्किटेक्चर बदलायचं नसतं, आमच्याकडे शिकवतात ते!

उलटी बाजूही सांगते. इमारत १० वर्षांच्या आतली असेल, घेणारे भाडं आणि हप्ता एकदम भरणारे असतील, तर राहायला तयार घर लवकर जातं. तिथे थोडा खर्च समजू शकते. किंवा तुम्ही स्वतःच अजून पाच वर्षं राहणार असाल तर खुशाल करा, वापरणार तुम्हीच आहात.

बाबांना आकडे पटले, पण ते गप्प होते. मग म्हणाले, "लोक बघायला येणार, घर कसं दिसेल?" तेव्हा लक्षात आलं, हा वाद ८ लाखांचा नव्हताच. या घरात त्यांनी संसार केला. कुणी येऊन नाक मुरडलेलं त्यांना बघवणार नाही. यावर एक्सेलमध्ये फॉर्म्युला नाही. आम्ही असं ठरवलंय की लोक बघायला येतील तेव्हा घर मी दाखवणार, आणि आई-बाबा त्या वेळात मावशीकडे जाणार. वॉटरप्रूफिंगवाला सोमवारी येतोय. कन्व्हेयन्सची फाइल सेक्रेटरींकडे मागितली आहे, ती हातात आली की त्या कागदांवर एक वेगळा भाग करते.