नॉर्वे : बोलीला आत घेणारा देश

नॉर्वे म्हटलं की बर्फ आठवतो, मध्यरात्रीचा सूर्य आठवतो, फार तर नोबेलचं शांतता पारितोषिक आठवतं. आपली ओळख बहुधा तिथेच संपते. पण धरणगावात राहून या देशाविषयी वाचताना मला एक निराळीच गोष्ट जवळची वाटली. तिथला माणूस घरची बोली घेऊनच शाळेत, कचेरीत आणि थेट संसदेतही जातो. आज नॉर्वेची ओळख मी याच वाटेनं करून देणार आहे.

क्षेत्रफळानं हा देश महाराष्ट्राहून थोडा मोठा. माणसं मात्र ५६ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतच मिळून ६२ लाखांवर लोक होते! जमीन बहुतेक डोंगराळ, लागवडीखाली शंभरात जेमतेम तीन भाग. समुद्राचे चिंचोळे फाटे डोंगर चिरत आत शिरलेले. त्यांना फ्योर्ड म्हणतात. पूर्वी हिवाळ्यात एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणं मुश्कील असे. साहजिकच दर खोऱ्याची बोली वेगळी झाली. साधं 'मी' म्हणायचं तरी कुठे 'याय', कुठे 'एग', तर कुठे नुसतं 'अॅ'.

या देशावर १८१४ पर्यंत जवळजवळ चारशे वर्षं डेन्मार्कची सत्ता होती. त्या वर्षी १७ मे रोजी नॉर्वेनं स्वतःची राज्यघटना केली. लगेच स्वीडनच्या राजाखाली जावं लागलं, आणि पूर्ण स्वातंत्र्य मिळालं ते १९०५ साली. राजा आजही आहे, पण कारभार लोकांनी निवडलेल्या संसदेचा. डेन्मार्कची सत्ता गेली, तरी लिहिण्याची भाषा डॅनिशच राहिली होती. साहेब आणि पाद्री डॅनिश लिहीत. शेतकरी, कोळी आपापल्या बोलीत बोलत आणि ती गावंढळ समजली जाई.

इवार ओसेन हा अशाच एका लहान शेतकऱ्याचा मुलगा. १८४२ पासून चार वर्षं तो खोऱ्याखोऱ्यांतून हिंडला, लोकांचे शब्द टिपत गेला. १८४८ साली त्यानं या बोलींचं व्याकरण छापलं, १८५० साली शब्दकोश. त्यातून उभी राहिलेली लेखनभाषा म्हणजे आजची न्यूनोर्स्क. डॅनिशमधून घडत गेलेली दुसरी, ती बोकमोल. दोन्ही नॉर्वेजियनच, पण वाद पेटला तो पिढ्यान्‌पिढ्या. ओसेनच्या भाषेला विरोध करणाऱ्यांत ब्यर्नसन हा बडा लेखक होता. त्याच्याच एका नाटकाच्या आधारे १९३३ साली मराठीत 'आंधळ्यांची शाळा' आलं आणि आपल्या रंगभूमीला नवं वळण मिळालं.

वाद चालू असतानाच संसदेनं दोन ठराव केले. शिक्षण शक्यतो मुलांच्या बोलण्याच्या भाषेतून द्यावं, हा १८७८ चा. दोन्ही लेखनभाषांना समान दर्जा, हा १८८५ चा. आज न्यूनोर्स्क ही मुख्य लेखनभाषा असलेली मुलं शंभरात दहा-बाराच असतील. तरी टपाल तिकिटांवर देशाचं नाव दोन्ही रूपांत येतं. सरकारी नभोवाणी-दूरदर्शनला किमान चौथा हिस्सा न्यूनोर्स्कला द्यावा लागतो. २०२३ चं साहित्याचं नोबेल मिळालेले यून फोस्से याच भाषेत लिहितात.

हीच रीत त्यांच्या बाकीच्या जीवनातही दिसते. आपल्या इर्जिकेसारखी तिथे 'दुग्नाद' असते. सोसायटीचं अंगण झाडायला, शाळेचं कुंपण रंगवायला सगळे बिनमजुरीनं जमतात. १७ मे च्या राष्ट्रीय दिनी मिरवणुका निघतात त्या शाळकरी मुलांच्या. मोठी माणसं आपापल्या मुलखाचा पारंपरिक पोशाख घालतात. १९६९ साली समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला. तो पैसा एका पिढीनं खाऊन टाकू नये म्हणून १९९० मध्ये कायदा करून राष्ट्रीय निधी उभारला.

पण सगळंच चांगलं नाही. उत्तरेकडे सामी हे आदिवासी लोक राहतात. त्यांची भाषा नॉर्वेजियनहून अगदी निराळी. स्वतःच्या बोलीसाठी भांडणाऱ्या याच देशानं कित्येक दशकं सामी मुलांना शाळेत त्यांची भाषा बोलू दिली नाही. १९८९ मध्ये सामींची स्वतंत्र प्रतिनिधी सभा सुरू झाली, १९९७ मध्ये राजे हाराल्ड यांनी माफी मागितली, आणि संसदेनं मागितली ती २०२४ मध्ये. तोवर कित्येक घरांतून ती भाषा गेली होती.

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी मातृभाषा सांगणारे १८ लाखांवर निघाले. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या बोलीतली गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली. २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. पण बहिणाबाईंच्या बोलीत उत्तर देणाऱ्या पोराला वर्गात आजही 'नीट बोल' असं ऐकावं लागतं. मी शिकवत असताना पाहिलंय, गल्लीत घडाघडा बोलणारी मुलं पहिलीच्या बाकावर बसली की मुकी होतात. त्यांना उत्तर येत नसतं असं नाही. उत्तर आपल्या बोलीत आहे, एवढीच त्यांची भीती असते.

प्रमाण मराठी तर यायलाच हवी. नोकरी, कोर्ट, पुस्तकं सगळं तिच्यात आहे. नॉर्वेतही कोणी लेखनभाषा टाकून दिली नाही. पण तिच्याकडे जायची वाट घरच्या बोलीतून काढली, तर मूल निर्धास्तपणे चालतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही शक्य असेल तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, असं म्हटलं आहे. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायला नको. पहिलीच्या गुरुजींनी किंवा बाईंनी फळ्यावर 'मुलगा' लिहावं, शेजारी 'आंडोर' लिहावं आणि दोन्ही शब्द मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यावेत. एवढं तर उद्याच्या सोमवारीही करता येईल.