तलावाखालचं गाव

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचं रडगाणं आपण दर बैठकीत गातो. आज ते बाजूला ठेवतो आणि धानाच्या मुलखातलं एक लहानसं जुनं गाव तुम्हाला दाखवतो. गावाचं नाव सौंदड, तालुका सडक अर्जुनी. नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या हमरस्त्यावर, साकोलीच्या पुढे. गोंदिया-चांदाफोर्ट रेल्वेचं स्टेशन आहे. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होतं, आता गोंदियात.

शेतकीची पदवी खिशात घालून मी पहिल्यांदा त्या भागात गेलो, तेव्हा एका म्हाताऱ्या कास्तकाराला विचारलं, "बाबाजी, जमीन किती?" तो हसला. म्हणे, "जमीन का पुसता साहेब? तलावाखाली किती हाये ते पुसा." चार वर्षं कॉलेजात मातीचे प्रकार पाठ केले होते, हा प्रकार कोणी शिकवलाच नव्हता.

तिकडे पाऊस आपल्याहून जास्त, तेराशे मिलिमीटरच्या आसपास. पण तोही भादव्यात दगा देतो. आपली ज्वारी पोटरीत असताना पाऊस गेला तर आपण आभाळाकडे पाहतो. धान पोटरीत असताना पाऊस गेला तर तिकडचा माणूस तलावाच्या पाळीवर जातो. गाव बसतं, कोणाच्या बांधीला आधी पाणी ते ठरतं, गावानं नेमलेला माणूस तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडतो. भांडणं होत नाहीत असं समजू नका. शेवटच्या बांधीवाला रात्री कंदील घेऊन पाटावर बसतो, वरच्यानं पाणी फोडू नये म्हणून. पण भांडण गावातच मिटवावं लागतं, कारण पाणी एकाचं नाही. आपल्याकडे ज्याची त्याची बोअर. ती आटली की तो एकटाच सावकाराकडे.

हे तलाव कोणी बांधले? इंजिनियरनं नाही. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत, त्यांतले बरेचसे कोहळी शेतकऱ्यांच्या हातचे. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकातला; कोलू पाटील कोहळी यांचं नाव लोक अजून घेतात. गावाचं सगळं वर्ष पाण्याभोवती फिरतं. मृगात पऱ्हे, मग रोवणी, तेव्हा बायांची कंबर दिवसभर चिखलात वाकलेली. दिवाळीनंतर मंडई आणि रात्रभर नाटक. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ बंडीनं शेतात. (हे सरकारला २०१७ साली सुचलं, योजना म्हणून!) मासे ढिवरांचे.

सोन्याचा काळ होता असं मी म्हणत नाही. मालगुजार वेठीला धरायचा, आणि ज्याला बांधीच नाही त्याला तलाव असून काय? रोवणीची मजुरी, एवढंच. मालगुजारी १९५१ साली गेली, ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तलाव सरकारजमा झाले. पाळ फुटली तर पूर्वी गाव फावडं घेऊन धावायचं; मग लोक म्हणू लागले, "तलाव सरकारचा, सरकार पाहीन." सरकारनं काय पाहिलं? कित्येक तलावांत गाळ चढला, बेशरम माजली, कडेनं अतिक्रमणं झाली. जे गावानं राखलं होतं ते कागदावर आलं, आणि कागदाला फावडं धरता येत नाही.

तलाव गेला तरी गावाचा हक्क सगळाच गेलेला नाही. पाणी, चराई, सरपण, वाट यांवरचा गावाचा वहिवाटीचा हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेला असतो. वऱ्हाडात रयतवारी होती, तिथले भाऊ म्हणतील आमचा काय संबंध? तुमची कागदपत्रं वेगळी. पण वर्धा-नागपूरकडे मालगुजारीच होती. तिकडच्या भावांनी आपल्या गावाच्या निस्तार पत्रकाची नक्कल काढावी आणि पुढच्या बैठकीला आणावी. भाषा जुनी, मोडकी असते. वाचायला मी बसतो.