न लिहिलेली उधारी

मी कवितेतला माणूस, शिक्षण बी. ए. तरी आज बोलणार आहे संगणकाच्या पाककृतीबद्दल.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. शेतातल्या पंपांवर बसवायच्या छोट्या यंत्रांसाठी ती लिनक्स तयार करते. या कामाला ती ‘रेसिपी लिहिणं’ म्हणते. मला आधी थट्टाच वाटली. पण शब्द खरा आहे. अशा यंत्रात जागा थोडी, प्रोसेसर निराळा. म्हणून लागेल तेवढंच निवडायचं, मोठ्या संगणकावर तयार करायचं आणि मग यंत्रात भरायचं. त्यासाठी योक्टो हा प्रकल्प आहे, २०१० साली जाहीर झालेला. त्यातलं बिटबेक नावाचं अवजार रेसिपी वाचून काम करतं. मूळ सामान कुठून आणायचं, नेमकी कोणती आवृत्ती, कोणत्या परवान्याची, त्यात कोणती दुरुस्ती करायची, हे सारं तिथं लिहावं लागतं. परवान्याच्या मजकुराचीसुद्धा खूण नोंदवायची. मजकूर बदलला की काम तिथंच अडतं.

एकदा ती सुटीवर आली आणि तीन रात्री लॅपटॉपसमोर बसून राहिली. कुणा जुन्या सहकाऱ्याची रेसिपी कित्येक वर्षं बिनतक्रार चालली होती. योक्टोची नवी आवृत्ती घेतली आणि ती बंद पडली. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाली, “अब्बा, सापडलं. पंपाची माहिती सुरक्षित पाठवायला याला ओपनएसएसएल लागतं, आणि ते कुठं लिहिलेलंच नाही!”

“मग इतकी वर्षं चाललं कसं?”

“आधी सगळ्या रेसिपींचं सामान एकाच फडताळात असायचं. दुसरीनं मागवलेलं हिला आयतं मिळायचं. २०१७ सालच्या २.३ आवृत्तीपासून प्रत्येकीला वेगळं फडताळ. लिहून मागाल तेवढंच मिळेल.”

‘डिपेंड्स’ नावाच्या ओळीत तिनं एक शब्द वाढवला. काम झालं.

मला अम्मीचा शीरखुर्मा आठवला. माप विचारलं की ती म्हणायची, “अंदाजानं.” ती गेल्यावर आम्ही शेवया, खारका, चारोळ्या, सगळं तेच घेतलं, पण चव काही येईना. हात तिचा होता, असं म्हणून आम्ही गप्प बसलो. पुढं एका ईदला शेजारच्या काकू वाटीतला घास घेऊन म्हणाल्या, “अरे, तुझी आई दूध आमच्या म्हशीचं न्यायची. तुम्ही पिशवीतलं घालता.”

चाळीस वर्षं आम्ही खाल्लं, आणि त्यात काकूंचा गोठा होता हे कुणाला ठाऊक नव्हतं.

ती म्हैस केव्हाच विकली गेली. तसा शीरखुर्मा आता होणार नाही. पण मुलीनं घरातल्या वहीत सगळं मापासकट लिहून ठेवलंय. पहिलीच ओळ आहे: दूध म्हशीचं, शेजारच्या काकूंकडचं.