हळदीतील रक्षक प्रथिन आणि आपला विवेक
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चाळीस वर्षे इतवारीत कापड विकण्यात गेली. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, ह्याची जाणीव आहे. तरीही हा विषय निवडला, त्यास घरचे कारण आहे. ते शेवटी निवेदन करीन.

आपल्या पेशींमध्ये डीएनए नावाचा सूत्ररूप रेणू असतो. देहाच्या घडणीची सारी वही म्हणजे तो. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, त्याच्याच वापरातून काही उपद्रवी कण निर्माण होतात आणि ते ह्या वहीवर आघात करतात. पेशी ही हानी अहोरात्र दुरुस्त करीत असते. परंतु तंबाखूसारख्या व्यसनाने आघात वाढले, तर काही चुका तशाच राहतात. त्या साचून कर्करोग उद्भवू शकतो.

आता हळदीकडे वळू. लीला श्रीनिवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हळदीतून ‘टर्मेरिन’ हे लहानसे प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, टर्मेरिन विरघळते. त्यात ४० अमिनो आम्ले आहेत. वाळलेल्या हळदीत त्याचे प्रमाण ०.१ टक्का, म्हणजे क्विंटलमागे अवघे शंभर ग्रॅम. ते उष्णतेने नष्ट होत नाही. प्रयोगशाळेत त्याने डीएनएचे अशा आघातांपासून रक्षण केले. त्यातील मेथिओनिन ह्या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे तीन घटक ह्या कार्यात अंशतः सहभागी असतात. आम्ही दुकानाच्या दर्शनी काचेमागे एक जुने कापड लावतो. ऊन ते सोसते आणि भारी साडीचा रंग टिकतो. मेथिओनिनही तसेच आघात स्वतःवर घेते.

ओली हळद कंदमूळ म्हणून आपण वर्ज्य मानतो. वाळलेली हळद मात्र बहुतेक घरी चालते. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. हळदीने जखम भरते, ह्यावर १९९५ साली अमेरिकेत दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर करून १९९७ साली रद्द करविले. ह्याचा अभिमान जरूर बाळगावा.

आता घरचे कारण. माझ्या वडीलबंधूंना खर्ऱ्याची सवय होती. त्यांच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला, तेव्हा डॉक्टरांकडे नेण्याऐवजी मीच त्यांना हळद आणि तूप लावण्याचा आग्रह केला. पाच महिने गेले. तपासणी झाली तेव्हा व्याधी गळ्यापर्यंत पोहोचली होती. दादा गेले. दोष हळदीचा नव्हता. माझ्या अर्धवट ज्ञानाचा होता. परीक्षानळीतील रक्षण आणि जडलेल्या रोगावरील उपचार ह्यांतील अंतर मला कळले नाही.

म्हणून हात जोडून विनंती करतो. हळद स्वयंपाकात अवश्य असू द्या. खर्रा आजच सोडा. तोंडातील चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर थेट डॉक्टरांना दाखवा. अहिंसेचे पालन करताना स्वतःच्या देहावरही हिंसा होऊ नये, एवढेच मागणे आहे.