गेलेला दम आणि घरातली सायकल



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत पगार, महागाई आणि संप यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आज मात्र आम्ही एका जागी उभ्या असलेल्या सायकलीवर बोलणार आहोत. विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु कामगाराजवळ विकण्यासारखी वस्तू एकच असते, ती म्हणजे अंगातली ताकद. आजारपणाने किंवा पन्नाशीने ती ओसरली, तर परत कशी मिळवावी, हा प्रश्न आम्हांला पगाराच्या प्रश्नाइतकाच मोलाचा वाटतो.

“जन्मभर राबलो, आता व्यायाम कशाला?” असे पुष्कळ जण विचारतात. विडी वळणारी भगिनी दिवसभर मांडी घालून बसते. तिची बोटे आणि पाठ थकते, पण हृदयाला चाल मिळत नाही. ट्रकचालकाचेही तेच. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रमाचा वेग मालक नाही तर यंत्र ठरविते. व्यायामाचा वेग आपण ठरवावयाचा असतो.

दम गेला तो गेलाच, हा समजही खरा नाही. 1966 साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. तेवढ्यात त्यांची दमशक्ती चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमीच होती. मग सहा महिने त्यांच्याकडून चालणे, हळू धावणे आणि जागची सायकल असा व्यायाम हळूहळू वाढवीत करून घेतला. पन्नाशीतल्या त्या गृहस्थांची दमशक्ती विशीतल्या पातळीवर परत आली. यात जादू नव्हती, क्रम होता.

जागचीच सायकल का? नगर-मनमाड रस्त्यावरची वाहतूक आणि वैशाखातले ऊन ज्याने पाहिले, त्याला हे सांगावे लागत नाही. शिवाय तिच्यावर तोल जात नाही, गुडघ्यांवर अंगाचा सगळा भार येत नाही, आणि छातीत काही वाटले तर त्या क्षणी थांबता येते.

आता आठवड्या-आठवड्याचे तयार तक्ते मोबाइलवर मिळतात. तक्ता म्हणजे करार आहे. अंगठा उठविण्यापूर्वी त्याची कलमे वाचावीत, हे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. तेच येथेही सांगतो.

पहिले कलम आरंभाचे. पुष्कळ तक्ते प्रथम वीस मिनिटे सर्व शक्तीनिशी सायकल मारावयास लावतात आणि त्या सरासरी वॅटच्या 95 टक्के धरून पुढचे सगळे काम ठरवितात. 2015 साली सायकलवरून अमेरिका ओलांडणारे नाशिकचे महाजन बंधू यांच्यासारख्यांना ते शोभते. अंथरुणातून उठलेल्या माणसाने त्या वाटेस जाऊ नये. पाय मारताना दोन वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढे माप पुरते. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाला 6 ते 20 असे आकडे दिले आहेत. 11 म्हणजे हलके, 13 म्हणजे काहीसे जड. आरंभी याच दोहोंच्या मध्ये राहावे. 220 मधून वय वजा करून नाडीची मर्यादा काढतात, ती केवळ सरासरी आहे. रक्तदाबाच्या काही औषधांनी तर नाडी मुळातच मंद राहते.

दुसरे कलम चढाचे. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून आपला जिल्हा गळीत हंगाम ओळखतो. बॉयलर पेटविला की लगेच कोणी गव्हाणीत मोळी टाकीत नाही. आधी वाफ धरू देतात. तद्वत पहिले काही आठवडे दिवसाआड वीस मिनिटे, तीही सोपी. मग मिनिटे वाढवावीत, आणि जोर सर्वांत शेवटी. पहिल्याच आठवड्यात धाप लावणारा तक्ता बाजूला ठेवावा.

तिसरे कलम विश्रांतीचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. ती सुटी आपल्याच हाताने आपण गमवावी काय? शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विसाव्यात. ज्या तक्त्यात सुटीचे वार लिहिलेले नाहीत आणि तीन आठवड्यांनंतर एक हलका आठवडा नाही, तो आम्ही तरी घेणार नाही.

चौथे कलम खाड्याचे. रात्रपाळी झाली, घरी लग्न निघाले, एक दिवस चुकला. तर तो चुकलाच. दुसऱ्या दिवशी दुप्पट करणे म्हणजे आपणच आपल्याकडून बिनपगारी ओव्हरटाइम घेणे होय.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. हा आकडा मुक्कामाचा आहे, पहिल्या दिवसाचा नव्हे. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब वा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पाय खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील इतकीच बैठक उंच ठेवावी, आणि पंखा व पाणी जवळ असावे.

प्रत्येकाने यंत्र विकत घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. जुनी, पण धड असलेली एक सायकल तालमीत, वाचनालयात किंवा युनियनच्या कचेरीत ठेवली, तर पाच-दहा जण आळीपाळीने ती वापरू शकतील. विडी वळणाऱ्या भगिनींसाठी संध्याकाळची वेळ राखून ठेवावी. त्यांना इतर वेळी सवड मिळत नाही. अशी एक सायकल आपल्या पेठेत कोठे ठेवता येईल, याचा विचार सभा संपल्यावर येथेच पाच मिनिटे थांबून करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.